आलेला अंक आणि न आलेला अंक : ग्रंथालयातील नियतकालिक-व्यवस्थापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना ग्रंथसंपदा, ग्रंथदाते, इमारती आणि वर्गीकरण-पद्धती यांचा विचार सामान्यतः होतो. टपालाने आलेले अंक उघडून त्यांची नोंद करणाऱ्या टेबलाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः गेल्या दोनशे वर्षांच्या सामाजिक, वाङ्मयीन आणि वैज्ञानिक इतिहासाची निम्म्याहून अधिक साधने नियतकालिकांत विखुरलेली आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. एखादा वाद केव्हा सुरू झाला, एखादा विचार प्रथम कोणी मांडला, एखाद्या लेखावर समकालीनांनी काय म्हटले, हे ठरवताना संशोधकाला जुन्या अंकांच्या बांधीव खंडांकडेच वळावे लागते. त्या खंडात एक अंक नसेल तर काय होते, हा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहे.

अंक उपलब्ध नसणे आणि त्या महिन्यात काहीच घडलेले नसणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. परंतु अंक आला नाही याची नोंदच ग्रंथालयाने ठेवली नसेल, तर पुढील काळातील संशोधकाला हा भेद करता येत नाही. म्हणूनच नियतकालिक-व्यवस्थापनाचा इतिहास हा एका अर्थाने अभावाची नोंद करण्याचा इतिहास आहे, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे. सूचीकरण, निवड, नोंद-पद्धती, सहकार्य, किंमतवाढ आणि मालकीकडून परवान्याकडे झालेला प्रवास या सहा टप्प्यांतून या भूमिकेची तपासणी करण्याचा आणि अखेरीस मराठी नियतकालिकांच्या संदर्भात तिचा विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

नियतकालिकाचे स्वरूप :

ग्रंथ ही पूर्ण झालेली वस्तू असते. तो विकत घेतला, दाखलनोंदवहीत त्याला क्रमांक दिला, वर्गीकरण व तालिकीकरण केले की ग्रंथपालाचे प्रमुख काम संपते. नियतकालिकाचे तसे नाही. ते कधीच पूर्ण झालेले नसते. त्याची वर्गणी अंक हाती येण्यापूर्वी भरावी लागते. त्याचे नाव बदलते, आकार बदलतो, प्रकाशनाचा अवधी बदलतो. ते कधी दुसऱ्यात विलीन होते, कधी त्याचे दोन भाग पडतात, तर कधी कोणतीही सूचना न देता बंद पडते.

हे दोष आजच्या काळाचे आहेत असे मानण्याचे कारण नाही. नियतकालिकांच्या जन्मापासून ते त्यांच्याबरोबर आहेत. इ. स. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे दनी द सालो याने 'जुर्नाल दे सावां' सुरू केले, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात लंडन येथे हेन्री ओल्डेनबर्ग याने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चा पहिला अंक काढला. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ पसरली आणि पुढचे काही अंक ऑक्सफर्ड येथे छापावे लागले. ओल्डेनबर्गच्या मृत्यूनंतर काही काळाने या नियतकालिकाचे प्रकाशन खंडित झाले आणि १६८३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. रॉयल सोसायटीने त्याची आर्थिक जबाबदारी प्रत्यक्षात १७५२ मध्ये स्वीकारली. तोपर्यंत ते सोसायटीच्या चिटणिसांचे खाजगी कार्य होते. पुढे १८८७ मध्ये त्याच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन शाखा झाल्या. जगातील सर्वांत प्रतिष्ठित शास्त्रीय नियतकालिकाची ही कथा असेल, तर इतरांची काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

सूचीकरणाचा प्रारंभ :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथालयांत नियतकालिकांचे खंड साचू लागले. परंतु त्यांतील लेख शोधण्याचे साधन उपलब्ध नव्हते. येल महाविद्यालयात शिकणारा विल्यम फ्रेडरिक पूल हा तेथील 'ब्रदर्स इन युनिटी' या विद्यार्थी-मंडळाच्या ग्रंथालयात काम करत असे. विद्यार्थ्यांना वादसभांसाठी विषय शोधावे लागत, आणि ते विषय ज्या लेखांत होते ते खंड मात्र फडताळात तसेच पडून राहत. पूलने त्या लेखांची विषयवार सूची तयार केली. ती १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५३ मध्ये निघाली.

पुढे नियतकालिकांची संख्या इतकी वाढली की एकट्या व्यक्तीला हे काम झेपणे अशक्य झाले. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली. त्याच परिषदेत पूलच्या सूचीची नवी आवृत्ती सहकार्याने तयार करण्याचा विचार पुढे आला. निरनिराळ्या ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घेतली, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या खंडांची सूची केली, आणि विल्यम फ्लेचर याच्या साहाय्याने पूलने त्या नोंदी एकत्र केल्या. ही आवृत्ती १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या सूचीत उणिवा होत्या. लेखाचा खंड आणि पृष्ठ दिलेले असले तरी वर्ष दिलेले नसे. ते जाणण्यासाठी वेगळा तक्ता पाहावा लागे. लेख विषयानुसार लावलेले असल्यामुळे लेखकाच्या नावाने शोध घेता येत नसे. या उणिवा विसाव्या शतकाच्या आरंभी एच. डब्ल्यू. विल्सन यांच्या 'रीडर्स गाइड टु पीरिऑडिकल लिटरेचर' या सूचीने बऱ्याच अंशी दूर केल्या. तथापि पूलच्या उपक्रमाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. नियतकालिकांचे काम कोणत्याही एका ग्रंथालयाला एकट्याने करता येत नाही. ग्रंथव्यवहारात सहकार्य ही सोय असते. नियतकालिक-व्यवहारात ती गरज असते.

निवडीचा प्रश्न :

सर्व नियतकालिके घेणे शक्य नाही हे स्पष्ट झाल्यावर कोणती घ्यावीत, हा प्रश्न पुढे आला. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दृष्टीने १९२७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील पोमोना महाविद्यालयातील ग्रॉस व ग्रॉस यांनी 'सायन्स' या साप्ताहिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर व्यक्तिगत मतांवर न सोडता त्यांनी 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'च्या १९२६ च्या खंडातील ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचा किती वेळा आधार घेतला गेला आहे याचा तक्ता मांडला. आज ज्या संदर्भगणनेवर प्राध्यापकांच्या नियुक्त्या आणि बढत्या तोलल्या जातात, तिचा उगम एका महाविद्यालयाच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात आहे, ही बाब लक्षणीय होय.

यानंतर सात वर्षांनी, १९३४ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियम लायब्ररीतील सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी विखुरणीचा नियम मांडला. उपयोजित भूभौतिकी या विषयावरील १,३३२ संदर्भ त्यांनी तपासले. ते ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यांपैकी केवळ ९ नियतकालिकांत ४२९ संदर्भ आढळले. पुढील ४९९ संदर्भांसाठी ५९ नियतकालिके लागली, आणि उरलेल्या ४०४ संदर्भांसाठी तब्बल २५८. याचा अर्थ असा की, थोड्या निवडक नियतकालिकांतून विषयाचा गाभा हाती येतो; परंतु विषय संपूर्ण हवा असेल तर ज्यांचे नावही ऐकलेले नाही अशा शेकडो नियतकालिकांपर्यंत जावे लागते. ब्रॅडफर्डच्या नियमाचा पहिला भाग सर्वांनी उचलला आणि वर्गणीच्या याद्या आटोपशीर केल्या. दुसऱ्या भागाचा मात्र बहुधा विसर पडला. ज्या नियतकालिकात वर्षातून एखादाच महत्त्वाचा लेख येतो, तेही कोठेतरी कोणीतरी जपून ठेवले पाहिजे, हा तो दुसरा भाग होय.

रंगनाथन यांची त्रिपत्र पद्धती :

अंक आला की त्याची नोंद करणे सोपे आहे. न आलेल्या अंकाची नोंद कशी करावी, ही खरी अडचण आहे. नोंदवहीत आलेल्या अंकांपुढे खूण केली जाते. जो आला नाही त्याची जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा स्वतःहून कोणाचे लक्ष वेधून घेत नाही. शे-दीडशे नियतकालिके असलेल्या ग्रंथालयात रोज सर्व पाने उलटून कोणत्या जागा रिकाम्या आहेत हे पाहणे व्यवहार्य नसते. पाश्चात्त्य ग्रंथालयांत एकावर एक सरकवून ठेवलेल्या व कडा दिसणाऱ्या पत्रांची 'कार्डेक्स' ही पद्धत लोकप्रिय झाली. तिच्यात पत्रांच्या कडांवर रंगीत खुणा लावून थकलेले अंक दर्शवता येत.

भारतात डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते अधिक मूलगामी आहे. त्यांच्या त्रिपत्र पद्धतीत प्रत्येक नियतकालिकासाठी तीन पत्रे असतात. पहिले नोंदपत्र. यात वर्गणी, पुरवठादार, देयक आणि आलेल्या प्रत्येक अंकाचा तपशील लिहिला जातो. दुसरे तपासणीपत्र. तिसरे वर्गीकृत निर्देशपत्र. यात ग्रंथालयाच्या संग्रही त्या नियतकालिकाचे कोणते खंड आहेत, त्यांच्या पुरवण्या आणि सूची कोणत्या, याची माहिती असते.

या तिघांत तपासणीपत्राची योजना विशेष विचारपूर्वक केलेली आहे. ही पत्रे नियतकालिकांच्या नावाने लावली जात नाहीत. पुढील अंक ज्या आठवड्यात येणे अपेक्षित असेल, त्या आठवड्याच्या मार्गदर्शक पत्रामागे त्या नियतकालिकाचे तपासणीपत्र ठेवले जाते. अंक आला की त्याची नोंद होते आणि पत्र पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे सरकते. आठवडा संपला की त्या आठवड्यामागे जी पत्रे उरतात, ती न आलेल्या अंकांची असतात. ती शोधावी लागत नाहीत, ती आपोआप हाती येतात, आणि त्यावरून पुरवठादाराला तत्काळ स्मरणपत्र धाडता येते.

या तत्परतेचे महत्त्व केवळ शिस्तीपुरते नाही. नियतकालिकांच्या जादा प्रती मर्यादित छापल्या जातात. महिन्याभरात मागणी केली तर हरवलेला अंक मिळण्याची शक्यता असते. वर्षानंतर, बांधणीच्या वेळी उणीव लक्षात आली तर तो बहुधा मिळत नाही. अभाव वेळेवर दिसणे हाच तो भरून काढण्याचा एकमेव उपाय आहे, हे रंगनाथन यांनी ओळखले होते. 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' हे त्यांचे १९३१ मधील पाचवे सूत्र नियतकालिकांच्या दालनात दर आठवड्याला प्रत्ययास येते.

सहकार्य : संयुक्त तालिका आणि प्रमाण क्रमांक :

आपल्याकडे नसलेला अंक दुसऱ्या कोणाकडे आहे हे कळणे, ही यापुढची पायरी होय. १९२७ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील ग्रंथालयांतील नियतकालिकांची संयुक्त तालिका प्रसिद्ध झाली. १९६५ मधील तिच्या तिसऱ्या आवृत्तीत दीड लाखांहून अधिक शीर्षके आणि नऊशेहून अधिक ग्रंथालयांतील संग्रहांची नोंद होती. कोणत्या ग्रंथालयात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे खंड आहेत आणि मध्ये कोठे खंड पडलेला आहे, हे त्यात दर्शवलेले असे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या नियतकालिक विभागाच्या प्रमुख कॅरोलिन उलरिच यांनी १९३२ मध्ये नियतकालिकांची निर्देशिका सिद्ध केली. भारतात १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली येथे इन्सडॉक ही संस्था स्थापन झाली. देशातील ग्रंथालयांत असलेल्या वैज्ञानिक नियतकालिकांची राष्ट्रीय संयुक्त तालिका तयार करण्याचे काम तिने केले आणि मागणीनुसार लेखांच्या छायाप्रती पुरवल्या. परदेशी नियतकालिकांचे चलन परवडत नसलेल्या त्या दशकांत या सेवेने अनेक संशोधकांचे काम तडीस नेले.

एकाच नावाची अनेक नियतकालिके असल्यामुळे तालिकांत गोंधळ होत असे. तो दूर करण्यासाठी आय.एस.एस.एन. हा आठ अंकी प्रमाण क्रमांक निर्माण झाला. १९७५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली व पॅरिस येथील केंद्रातून त्याचा कारभार चालू लागला. या क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. 'नेचर' या साप्ताहिकाचा क्रमांक ००२८-०८३६ असा आहे. यातील पहिल्या सात अंकांना अनुक्रमे आठपासून दोनपर्यंतच्या संख्यांनी गुणून येणाऱ्या बेरजेला अकराने भागले की शेवटचा अंक मिळतो का, हे ताडून पाहता येते. भागाकारात बाकी ५ उरते आणि अकरातून ती वजा केली की ६ मिळतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आय.एस.एस.एन. ही केवळ ओळख आहे. व्यक्तीच्या नावावरून तिचे चारित्र्य समजत नाही, त्याप्रमाणे या क्रमांकावरून नियतकालिकाचा दर्जा कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर अध्यापकांच्या गुणांकनात प्रकाशनांना स्थान मिळाले, आणि क्रमांक असलेले नियतकालिक म्हणजे दर्जेदार नियतकालिक अशी समजूत महाविद्यालयांत रूढ झाली. तिचा लाभ उठवणारी अनेक प्रकाशने निर्माण झाली. त्यावर उपाय म्हणून आयोगाने २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली व २०२५ मध्ये ती बंद केली. ग्रंथपालाने नोंदीसाठी तयार केलेले साधन मूल्यमापनासाठी वापरले की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

किंमतवाढ आणि मध्यस्थ :

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय संशोधनाचा विस्तार झाला आणि विद्वत्मंडळांच्या जोडीला व्यापारी प्रकाशकांनी या क्षेत्रात प्रवेश केला. रॉबर्ट मॅक्सवेल यांची पर्गमॉन प्रेस हे त्याचे ठळक उदाहरण. ती १९९१ मध्ये एल्सेव्हियरने विकत घेतली. एका नियतकालिकाऐवजी दुसरे घेता येत नाही, या वास्तवामुळे प्रकाशकांना किमती वाढवणे सोपे गेले. धान्य महागले तर दुसरे घेता येते. विशिष्ट लेख हवा असेल तर तो त्याच नियतकालिकातून घ्यावा लागतो. अमेरिकेतील मोठ्या संशोधन-ग्रंथालयांत १९८६ ते १९९९ या काळात एका नियतकालिकामागचा खर्च सुमारे तिपटीने वाढला. त्या वर्षांत तेथील सर्वसाधारण महागाई त्यामानाने कितीतरी कमी होती. परिणामी ग्रंथखरेदीला कात्री लागली.

भारतीय ग्रंथालयांना याचा दुहेरी फटका बसला. वर्गणी डॉलर वा पौंडात ठरत असे आणि अनुदान रुपयांत मिळत असे. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा प्रकाशकाने एक पैसाही न वाढवता वर्गणी महागली. परकीय चलनाचा कोणता दर धरावा यावरून पुरवठादारांशी वाद होऊ नयेत म्हणून 'गुड ऑफिसेस कमिटी'चे दर प्रमाण मानण्याची प्रथा होती. अशा वेळी ग्रंथपालाला यादीतील कोणती नियतकालिके बंद करावयाची हे ठरवावे लागे. एकदा वर्गणी थांबली की खंडांची सलगता तुटते, आणि पुढे पैसे उपलब्ध झाले तरी मधली वर्षे परत मिळत नाहीत.

शेकडो प्रकाशकांशी स्वतंत्र पत्रव्यवहार करणे अशक्य असल्यामुळे वर्गणी-पुरवठादार हा मध्यस्थ अपरिहार्य ठरला. ग्रंथालयाने वर्षाच्या आरंभापूर्वी त्याला एकत्रित रक्कम द्यावयाची व त्याने ती प्रकाशकांकडे पोहोचवावयाची, अशी ही व्यवस्था आहे. ती पूर्णतः विश्वासावर उभी आहे. २००३ च्या आरंभी रोवकॉम ही अमेरिकन पुरवठादार कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्रंथालयांनी भरलेल्या वर्गण्या प्रकाशकांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, १९०१ पासून चालत आलेली स्वेट्स ही डच कंपनीही दिवाळखोर झाली. अशा प्रसंगी कोणत्या ग्रंथालयाने कोणत्या नियतकालिकासाठी किती रक्कम केव्हा दिली आणि कोणते अंक आले, याचा पुरावा म्हणजे तेच नोंदपत्र होते. ज्यांची नोंद चोख होती त्यांना प्रकाशकांशी बोलणी करण्यास आधार मिळाला.

मालकीकडून परवान्याकडे :

१९९६ मध्ये अकॅडेमिक प्रेसने आपली सर्व नियतकालिके एकत्रितपणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची योजना आणली. पुढे इतर प्रकाशकांनीही तिचे अनुकरण केले. एका करारात शेकडो नियतकालिके मिळू लागली. लहान ग्रंथालयांच्या वाचकांना पूर्वी कधीही न मिळालेले साहित्य मिळाले, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ नाकारता येणार नाही. परंतु १९९६ पूर्वी ग्रंथालय अंक विकत घेत असे. त्यानंतर ते वाचण्याचा परवाना घेऊ लागले. छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी जुने खंड फडताळात राहत. परवाना संपला तर, करारात वेगळी तरतूद नसल्यास, मागील अंकही दिसेनासे होतात.

या धोक्याची जाणीव असलेल्यांनी उपायही योजले. मेलन फाउंडेशनच्या प्रेरणेने १९९५ मध्ये जेस्टोर ही संस्था सुरू झाली. तिचा मूळ हेतू जुन्या खंडांनी व्यापलेली ग्रंथालयांची जागा मोकळी करणे हा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ मध्ये लॉक्स हा उपक्रम आरंभला. त्यात निरनिराळी ग्रंथालये इलेक्ट्रॉनिक अंकांच्या प्रती आपापल्या संगणकांवर ठेवतात आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने मुक्त प्रवेशाच्या चळवळीला दिशा दिली.

भारतात १९९१ मध्ये इन्फ्लिबनेटची स्थापना झाली. विद्यापीठांसाठीचा यूजीसी-इन्फोनेट संघ, २०१० पासून महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट, २०१५ मध्ये ई-शोधसिंधू अशी ही वाटचाल आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मान्यता दिली. तिच्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना उपलब्ध करून देण्याची योजना आहे. पूलच्या काळातील वाटून घेतलेल्या कामापासून राष्ट्रीय पातळीवरील एकत्रित खरेदीपर्यंतचा हा प्रवास निश्चितच प्रशंसनीय आहे.

तथापि या प्रवासात तपासणीपत्र मागे पडले, हेही तितकेच खरे. प्रवेश वरून मिळतो, त्यामुळे अंक आला की नाही हे पाहण्याचे काम ग्रंथालयात उरले नाही. पूर्वी न आलेल्या अंकाचे पत्र टेबलावर उरत असे. आज एखादे नियतकालिक करारातून वगळले गेले तर वाचकाला ते केवळ दिसत नाही. अभावाची खूणच नाहीशी झाली आहे.

मराठी नियतकालिकांचा प्रश्न :

या पार्श्वभूमीवर मराठी नियतकालिकांचा विचार केल्यास चित्र अधिक चिंताजनक वाटते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ ते १९३७ असे सत्तर वर्षे चालले. 'केसरी' १८८१ मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झाला व पुढे दैनिक झाला. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. दिवाळी अंक हे तर नियतकालिक-व्यवस्थापनातील खास मराठी कोडे आहे. काही अंक नियमित मासिकांचे असतात, काही वर्षातून एकदाच निघतात, तर काहींच्या वर्षाची मोजणी मूळ नियतकालिकाशी जुळत नाही. वाचनालयांत त्यांना महिनाभर प्रचंड मागणी असते आणि पुढील दिवाळीपर्यंत त्यांची पाने सुटलेली असतात. उत्तमोत्तम कथा आणि वैचारिक लेख प्रथम ज्यात छापले गेले, ते अंक बांधून ठेवण्याची पद्धत मोजक्याच ठिकाणी आढळते.

कायद्याची तरतूद आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन वृत्तपत्रांचा, म्हणजेच नियतकालिकांचाही, समावेश झाला. त्यानुसार कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रकाशकाने प्रत पाठवणे बंधनकारक आहे. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या अधिनियमात करण्यात आली. एवढ्या दंडाने कोणा प्रकाशकास धाक वाटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे सिद्ध केलेली 'मराठी नियतकालिकांची सूची' १८०० ते १९५० या कालखंडाचा पाया घालते. हे काम काही निष्ठावान व्यक्तींनी संस्थेच्या आधाराने केले. १९५० नंतरच्या सात दशकांसाठी तितक्याच सर्वंकष सूचीची नितांत आवश्यकता आहे.

राष्ट्रीय योजनांतून मिळणारी हजारो नियतकालिके प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आणि इंग्रजी भाषेतील आहेत. तालुक्याच्या गावी निघणारे वाङ्मयीन त्रैमासिक, इतिहास मंडळाचे संशोधनपर अंक, महाविद्यालयाचे स्वतःचे नियतकालिक यांना त्यात स्थान नाही. ब्रॅडफर्डच्या भाषेत बोलायचे तर गाभ्याची सोय झाली. परिघावरील २५८ नियतकालिके मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेली आहेत. मराठी समाजाच्या इतिहासाची साधने नेमकी या परिघावर आहेत. तेथील अंक आज कोणी नोंदवला नाही, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला तो कधी निघाला होता हेही समजणार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. नियतकालिक-व्यवस्थापनातील प्रत्येक महत्त्वाची सुधारणा, मग ती पूलची सूची असो, रंगनाथन यांचे तपासणीपत्र असो वा संयुक्त तालिका असो, अभाव दृश्य करण्याच्या गरजेतून निर्माण झालेली आहे.

२. हे काम एकट्या ग्रंथालयाच्या आवाक्यातील नाही. सहकार्याचे स्वरूप बदलले. परंतु त्याची आवश्यकता १८७६ मध्ये होती तितकीच आजही आहे.

३. ओळख, किंमत आणि दर्जा या तीन भिन्न गोष्टी आहेत. प्रमाण क्रमांकाला दर्जाचे प्रमाणपत्र मानणे ही चूक होय.

४. केंद्रीय पातळीवरील खरेदीमुळे प्रवेश वाढला. परंतु जतनाची आणि नोंदीची स्थानिक जबाबदारी त्यामुळे संपत नाही. मराठी नियतकालिकांच्या बाबतीत ती अधिकच वाढते.

यासाठी मोठ्या निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या दहा-वीस नियतकालिकांची जबाबदारी स्वीकारली, आलेल्या अंकांबरोबरच न आलेल्या अंकांचीही नोंद ठेवली, बंद पडलेल्या नियतकालिकाचा शेवटचा अंक कोणता हे लिहून ठेवले आणि शेजारच्या महाविद्यालयांशी या याद्यांची देवाणघेवाण केली, तर विद्यापीठक्षेत्राची संयुक्त तालिका आपोआप आकारास येईल. पूल हा विद्यार्थी होता आणि त्याने हे काम एका विद्यार्थी-मंडळाच्या खोलीत सुरू केले होते, एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे.